रात्रभर जागणारा मुलूख आणि दुपारी बाराचे व्याख्यान

झाडीपट्टीतल्या महाविद्यालयांत मराठीचे, इतिहासाचे किंवा समाजशास्त्राचे प्राध्यापक भेटले की एक तक्रार हमखास ऐकू येते: व्याख्यानाला माणसे येत नाहीत. पहिल्या दोन रांगांत पाहुणे आणि संस्थेचे पदाधिकारी, मागे हजेरीच्या धाकाने बसवलेली बी.ए.ची मुले, आणि गावातले म्हणून कोण, तर निवृत्त शिक्षक आणि एखाद-दुसरा वार्ताहर. यावरून निष्कर्षही लगेच निघतो: लोकांना आता ऐकायची आवड उरलेली नाही, मोबाईलने सगळे खाल्ले.

हे निदान मला मान्य नाही. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की त्याच गावांतली माणसे अंगावर घोंगडी घेऊन रात्री दहाला नाटकाला बसतात आणि उजाडायच्या सुमारास उठतात. तिकीट काढून बसतात. महाराष्ट्रात एवढा चिवट श्रोता दुसरीकडे क्वचितच सापडेल. तेव्हा विद्यापीठाकडे लोक का जात नाहीत हा प्रश्न बाजूला ठेवून विद्यापीठ त्यांच्यापर्यंत कुठे, कधी आणि कोणत्या बोलीत जाते, ते पाहिले पाहिजे.

चंद्रपूर जिल्ह्यातले नागभीड २०११ पर्यंत नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेल्या त्या विद्यापीठाच्या दृष्टीने हा पूर्वेचा दूरचा कोपरा. त्याच वर्षी, १४ जानेवारीला, अमरावतीत विदर्भ साहित्य संघ निघाला आणि पुढे नागपुरात स्थिरावला. विदर्भाच्या वैचारिक जीवनाची ही दोन मोठी ठाणी अशी एकाच शहरात आली. नागभीडच्या माणसाने नागपूरला जाऊन व्याख्यान ऐकायचे तर छोट्या रेल्वेने, म्हणजे नागपूर–नागभीड नॅरोगेजने, दिवस घालवायचा. ती गाडीही २०१९ च्या अखेरीस रुंदीकरणासाठी बंद झाली.

२७ सप्टेंबर २०११ रोजी गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोनच जिल्हे त्याच्याकडे, पण दोन्हींचे क्षेत्रफळ मिळून पंचवीस हजार आठशे चौरस किलोमीटरच्या वर जाते, म्हणजे जवळपास सात गोव्यांएवढे. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास. गडचिरोली शहराला अजून रेल्वे नाही, वडसा–गडचिरोली मार्गाचे काम चालू आहे. तेव्हा मुख्यालयातल्या सभागृहात कितीही मोठा वक्ता आणला तरी ते व्याख्यान गडचिरोली शहराचेच राहते. विद्यापीठ जवळ आले हे खरे. पण नागभीडच्या माणसाला ते रोज दिसते ते परीक्षा, निकाल आणि प्रवेशाच्या कागदांतूनच.

विद्यापीठाने वर्गाबाहेरच्या माणसाशी बोलावे ही कल्पना तशी जुनी. केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये जेम्स स्टुअर्ट यांच्या आग्रहाने आपल्या गावाबाहेर व्याख्याने सुरू केली. दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला उभी राहिली. ती विद्यापीठाची नव्हती, शहराची होती. तिच्या यशाचे श्रेय नेहमी वक्त्यांना दिले जाते, मी थोडे वेळापत्रकालाही देईन. उन्हाळ्याचे दिवस, शाळा-कॉलेजांना सुटी, संध्याकाळची वेळ. पुण्याच्या शिकलेल्या मध्यमवर्गाला मोकळीक कधी असते, ते आधी पाहिले गेले. पुढे मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांनी बहिःशाल शिक्षणाचे विभाग काढले. पुणे विद्यापीठाची जयकर व्याख्यानमाला त्यातूनच तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातही आजीवन अध्ययन आणि विस्ताराचे मंडळ आहे. म्हणजे कायदा अडवत नाही.

अडवते ते पंचांग. धानाच्या मुलखाचे वर्ष असे: पाऊस पडला की रोवणी, दसरा-दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग बांध्यांत पुंजणी, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, उभी राहतात, मळणी होते. हाती चार पैसे आणि अंगात थोडी मोकळीक येते ती त्यानंतर. ती मार्च-एप्रिलपर्यंत टिकते. मग मोहफूल, आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. आता विद्यापीठाचे वर्ष पाहा. वर्धापनदिन सप्टेंबरअखेर, धान उभे असताना. मंडईच्या दिवसांत हिवाळी परीक्षा. चर्चासत्रे फेब्रुवारी-मार्चमध्ये, निधी संपवण्याच्या घाईत. जानेवारीतला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा तेवढा नेमका मोकळ्या दिवसांत पडतो, पण तो साजरा होतो निबंध आणि हस्ताक्षर स्पर्धांनी.

दुपारी बाराची वेळ निवडणाऱ्या प्राध्यापकाला मात्र मी दोष देणार नाही. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलींना दुपारची एसटी गाठायची असते. ब्रह्मपुरी वनविभागात वाघांची संख्या आणि माणसांवरचे हल्ले, दोन्हींची धास्ती आहे. संध्याकाळी जंगलातल्या रस्त्याने मुलांना पाठवणे कुणाच्या जिवावर येणार नाही? विद्यार्थ्याला सोयीची वेळ शेतकऱ्याला गैरसोयीची आणि शेतकऱ्याची विद्यार्थ्याला. यातून वाट एकच: व्याख्यानाने गावात जाऊन मुक्काम करायचा.

तशी सोय विद्यापीठाकडे आहे, आणि तिला कुणी मानव्यविद्यांचा उपक्रम म्हणत नाही ही गंमत. राष्ट्रीय सेवा योजनेचे, एनएसएसचे, सात दिवसांचे विशेष शिबिर. ही योजना १९६९ पासून आहे. दत्तक गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मुले राहतात. पहाटे प्रभातफेरी, सकाळी श्रमदान, दुपारी 'बौद्धिक', रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. दुपारच्या बौद्धिकाला शिबिरार्थीच पेंगत बसलेले असतात. रात्री मात्र अख्खे गाव लोटते. लहान पोरे पुढे, बायका एका बाजूला, म्हातारे पारावर. मुलांनी बसवलेली हुंडा, दारू, अंधश्रद्धा यांवरची नाटुकली चालतात, नकला चालतात, एखादी गावातली बाईही उठून गाणे म्हणते. ज्या वक्त्याचे भाषण दुपारी ऐकायला कुणी नव्हते त्यालाच रात्री नऊला, दोन नाटुकल्यांच्या मध्ये, वीस मिनिटे दिली तर? काही कार्यक्रम अधिकारी हे करतात. अहवालात त्याची नोंद होत नाही, कारण अहवालाच्या तक्त्यात बौद्धिक आणि सांस्कृतिक असे वेगळे रकाने असतात.

अहवालाचा उल्लेख निघालाच आहे तर महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकबद्दलही बोलू. मूल्यांकनाला पुरावे लागतात: स्थळ-वेळ नोंदवणारे जिओटॅग छायाचित्र, हजेरीपत्रक, बातमीचे कात्रण. मागणी वाजवी आहे. परिणाम असा की कार्यक्रम फोटोपुरता होऊ लागला. बॅनर मोठा आणि व्याख्यान छोटे झाले. कोरोनाच्या दोन वर्षांत तर वेबिनारांचा पूर आला, अर्ज भरला की ई-प्रमाणपत्र हजर. त्यातले एखादे व्याख्यान आज कुणाच्या लक्षात असेल तर मला नवल वाटेल.

आता मंडईकडे जरा निवांत पाहू, कारण या मुलखातली खरी सार्वजनिक सभा तीच आहे. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा पट्टा. इथली दंडार आणि खडीगंमत ही लोकनाट्ये जुनी. त्यांच्या खांद्यावर संगीत नाटकाचा प्रभाव बसला आणि शंभरहून अधिक वर्षे चालत आलेली झाडीपट्टी रंगभूमी तयार झाली. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे तिचे केंद्र. कंपन्यांची कार्यालये तिथे, गावोगावची मंडळे तिथे येऊन नाटक ठरवतात, आगाऊ रक्कम देतात. गावात शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, मंडई, सासरी गेलेल्या मुली माहेरी, सोयरे जमलेले, लग्ने ठरवण्याच्या गोष्टी, आणि रात्री नाटक. रंगमंचापुढे ऑर्गन आणि तबला घेऊन वादक बसतात, गाण्याला 'वन्स मोअर' मिळतो, विनोदी पात्र आले की रात्रीचे दोन वाजलेले कुणाला आठवत नाहीत. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शंकरपट थांबले, डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या काळात बैल घरी बसले तरी नाटके होतच राहिली, कोरोनाचा काळ तेवढा सोडून. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

या नाटकांत भडकपणा आहे, कुठेही घुसवलेली लावणी आहे, कथानके एकमेकांवरून उचललेली असतात. हे टीकाकार सांगतात ते बरोबरच. पण नवरगावच्या सदानंद बोरकरांसारख्या नाटककाराने शेतकऱ्याच्या आत्महत्येचा विषय याच मंचावर आणला आणि लोकांनी तो ऐकून घेतला. जड विषय इथे चालत नाही म्हणणाऱ्यांना एवढे उत्तर पुरे. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा मुद्दा पैशांचा. अनुदान नाही, विद्यापीठाचा निधी नाही. गावातले मंडळ जोखीम घेते, तिकीट लावते, तोटा आला तर सोसते, फायदा झाला तर गावाच्या कामाला लावते. ज्या कार्यक्रमात गावाचा पैसा आणि अब्रू अडकलेली असते त्याला गर्दी जमवण्यासाठी हजेरीपत्रक फिरवावे लागत नाही. विद्यापीठाचे व्याख्यान फुकट असते, आणि बहुधा म्हणूनच ते कुणाचेच नसते.

झाडीबोलीचे काम तर विद्यापीठाच्या कितीतरी आधी सुरू झाले. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी साकोलीकडून या बोलीचा अभ्यास उभा केला, झाडीबोली साहित्य मंडळाने संमेलने भरवली, गावातल्या मास्तरांनी आणि शेतकऱ्यांनी त्या बोलीत कविता लिहिल्या. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन चंद्रपुरात दोनदा झाले: १९७९ मध्ये वामन चोरघडे अध्यक्ष होते, २०१२ मध्ये वसंत आबाजी डहाके. दोन्ही वेळा चंद्रपूर गजबजले, पण तीन दिवसांचा मंडप उठला की मागे काय उरते? झाडीबोलीची संमेलने आकाराने लहान, जेवण साधे, मानधनाची बोंब. पण ती खेड्यात भरतात आणि पुढच्या वर्षी शेजारच्या खेड्यात जातात. माझे मत या दुसऱ्या प्रकाराला.

विद्यापीठ हा शब्द या भागात इतरांनीही वापरून पाहिला आहे. बाबा आमटे यांनी मूल तालुक्यातल्या सोमनाथला १९६७ मध्ये तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरवली, ती श्रमिक विद्यापीठाच्या कल्पनेतून. सकाळी फावडे, दुपारी व्याख्यान आणि प्रश्न, रात्री गाणी. भर मे महिन्यात, चंद्रपूरच्या उन्हात. तरी महाराष्ट्रभरातून मुले येत राहिली. एनएसएसच्या शिबिराचा आराखडा आणि सोमनाथचा आराखडा जवळजवळ एकच. सोमनाथला वक्ता छावणीतच राहतो, पंगतीत जेवतो, आणि त्याला दुसऱ्या दिवशी सकाळीही गाठता येते. महाविद्यालयात पाहुण्याची गाडी आभारप्रदर्शनाआधीच सुरू झालेली असते.

चंद्रपूरची दीक्षाभूमी हे आणखी एक उदाहरण. नागपूरनंतर दोन दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा दिली. त्या जागेवर आज त्यांच्याच नावाचे महाविद्यालय आहे, आणि दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला तिथे लोटणारा जनसमुदाय भाषणे ऐकतो, भीमगीते ऐकतो, पुस्तके विकत घेतो. महाविद्यालयाचे आवार आणि लोकांची सभा एकच झाल्याचे दोन्ही जिल्ह्यांतले हे सर्वांत ठळक स्थळ. मानव्यविद्यांच्या विस्तारकार्यावरच्या चर्चांमध्ये त्याचे नाव सहसा येत नाही, कारण त्याची मोजदाद धार्मिक कार्यक्रमात होते. तुकडोजी महाराजांचेही तसेच. शाळेत फार न शिकलेल्या या खंजिरीवाल्याचे नाव २००५ पासून नागपूर विद्यापीठाला आहे. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या अड्याळ टेकडीवर आणि शेकडो गावांच्या सामुदायिक प्रार्थनांत ग्रामगीतेचे वाचन-विवेचन चालते. मराठी विभागाने कधी त्या प्रार्थनेनंतर बसून लोक त्या ओव्यांचा अर्थ कसा लावतात ते टिपून घ्यायला हवे.

आतापर्यंतची सगळी उदाहरणे एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे अशीच आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने वेगळे काही केले. तिथे ग्रामसभा आहे आणि तिच्याबरोबर अभ्यासगट आहे. गावातले देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने घडलेल्या या पद्धतीत अभ्यासगट निर्णय घेत नाही, नुसता समजून घेतो: कायदा काय म्हणतो, जंगलात काय आहे, दारूबंदीने काय होईल. बाहेरचा जाणकार बोलावला जातो तो गावाच्या प्रश्नावर माहिती द्यायला; निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाले, एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः येऊन बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती देऊन गेले. वनहक्क कायद्याचे एवढे बारीक वाचन किती विद्यापीठीय चर्चासत्रांत झाले असेल? प्रश्न गावाचा असला की ऐकणाऱ्याला झोप येत नाही, हे तिथे दिसते. गोंडवाना विद्यापीठाने 'विद्यापीठ आपल्या गावात' या नावाने गावातच पदवीचे वर्ग भरवायला सुरुवात केली, हे पाऊल मला त्या दिशेचे वाटते. पदवीपलीकडे, नाव न नोंदवलेल्या माणसासाठीही तिथे एक चटई टाकली जावी एवढीच पुढची अपेक्षा. दुर्दैवाने २०२३ मध्ये विद्यापीठाची चर्चा गाजली ती सभागृहाला कुणाचे नाव द्यावे या वादाने. त्या सभागृहात काय बोलले जावे यावर तेवढ्याच हिरिरीने कुणी भांडले असते तर बरे वाटले असते.

नागभीडपुरते बोलायचे तर एका नावाला टाळून पुढे जाता येत नाही. तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. १९८३ मध्ये 'पटेल ३' वाणाच्या धानात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी जपल्या, वेगळ्या पेरल्या, आणि त्यातून आलेल्या वाणाला तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी हे नाव पडले. आज त्या तांदळाचा भात शहरांतल्या ताटांत आहे. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाने अभ्यासासाठी त्यांच्याकडून बियाणे नेले, पुढे पीकेव्ही-एचएमटी नावाने वाण बाहेर आला, आणि आपले श्रेय आपल्याला मिळाले नाही हे खोब्रागडे अखेरपर्यंत सांगत राहिले. २००५ मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीजवळच्या 'सर्च' या संस्थेच्या रुग्णालयात ते गेले. विद्यापीठ आणि गाव यांच्यातला व्यवहार एकेरी असला की काय होते, याचे याहून जवळचे उदाहरण नागभीडला शोधावे लागणार नाही. ज्ञान कुणाचे, नाव कुणाचे, हा कृषिशास्त्राचा प्रश्नच नव्हे; तो इतिहासाच्या आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गाचा विषय आहे.

मला विचाराल तर नागभीडची व्याख्यानमाला इथूनच सुरू व्हावी, पौषात, मळणी उरकल्यावर, नांदेड गावातच. पहिल्या रात्री एचएमटीची कथा, आणि ती सांगायला ज्यांनी ते बियाणे शेजारून मागून नेऊन पेरले ते शेतकरी. प्राध्यापकाने लिहून घ्यावे. दुसऱ्या रात्री मामा तलाव: गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधलेले आणि पुढे मालगुजारांच्या नावावर गेलेले तलाव कुणी खोदले, पाणी कसे वाटले जाई, आज गाळ का साचला. तिसऱ्या रात्री चिमूर, १६ ऑगस्ट १९४२. शेजारच्याच तालुक्यातला तो उठाव, आणि त्याच महिन्यात अटक झालेले तुकडोजी महाराज. एखादी रात्र वाघाची हवी. त्या रात्री वनविभागाचा अधिकारी श्रोत्यांत बसवावा आणि मोहफुले वेचायला जाणाऱ्या बाईने बोलावे. भाषणे झाडीबोलीत झाली तर उत्तम, प्रमाण मराठीत झाली तरी कुणाची हरकत असू नये. लोक दोन्ही समजतात, वक्त्यालाच एक येत नाही. नंतर दंडार ठेवावी, म्हणजे मुले जागी राहतील.

खर्चाचा प्रश्न उरतो. नाटक ठरवायला गावाचे मंडळ वडशात जितकी रक्कम मोजते, तिच्या लहानशा भागात हे चार दिवस होतील. म्हणून विद्यापीठाने निधी मंजूर करण्याआधी मंडळाकडे जावे, अर्धी वर्गणी गावाकडून मागावी आणि विषय ठरवायचा हक्कही त्याबरोबर गावाला द्यावा. मंडळ पहिल्यांदा नकार देईल. सत्कार किती, हार किती आणि मंचावर खुर्च्या कुणाकुणाच्या, यावर दोन बैठका जातील. राजकीय पाहुण्यांचा आग्रह होईल आणि एखादा तरी पाहुणा स्वीकारावा लागेल. विद्यापीठाच्या समितीत एवढा वेळ घालवायची तयारी असलेला एक माणूस लागतो, आणि मराठीच्या किंवा इतिहासाच्या विभागात तो असतोच. त्याला त्या आठवड्याची रजा आणि पुंजणी संपल्याची खबर वेळेवर मिळाली पाहिजे.